तीन शेपट्यांचे पाहुणे

माझ्या हातून आजवर एक मुंगीही मेलेली नाही. हे गर्वाने सांगत नाही. गर्व करू नये हे मला ठाऊक आहे. पण तांदूळ निवडताना सापडलेला किडा मी कागदाच्या पुडीत घालून अंगणात सोडायला जाते, तेव्हा आमचे हे विचारतात, "ऑटो बोलावू का त्याच्यासाठी?" विचारोत बापडे. चातुर्मासात माझे दोन नेम असतात. घरात कोंडलेला जीव दिसला की तो मोकळा करायचा, आणि दुपारचा नैवेद्य दाखवेपर्यंत मौन पाळायचं. हे दोन नेम एक दिवस एकमेकांच्या अंगावर धावून जातील, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

आमची सून अबोली पाण्यातल्या किड्यांचा अभ्यास करते. ती एकदा मला म्हणाली, "आई, बाटलीत भरलेलं पाणी फक्त त्या घटकेचं सांगते. किडे तिथंच मुक्कामाला असतात. मागं काय काय वाहून गेलं, त्यांना सगळं माहीत असते." म्हणजे आमच्या शेजारच्या मयुराताईंसारखं, एवढं मला समजलं.

मनीषनगरात आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मागून एक नाला वाहतो. वरच्या घरांचं सांडपाणी त्यातच येतं. गटारलाइन टाकून द्या म्हणून लोक सांगून थकले होते. शेवटी अबोलीने ते काम बघणाऱ्या इंजिनीअरसाहेबांना, हर्षितबाबूंना, रविवारी सकाळी यायला राजी केलं. नाल्यातले किडे आणि चांगल्या झऱ्यातले किडे शेजारी शेजारी ठेवते, फरक तुम्हीच बघा, असं तिचं म्हणणं. लेआउटमधले लोक तिला मागून 'किडेवाली सून' म्हणत. तेही सगळे येणार होते. पोर आदल्या रात्री धड जेवली नाही.

कळमेश्वरच्या पुढच्या एका झऱ्यातून तिने किडे आणले होते. पांढऱ्या ट्रेमध्ये झऱ्याचं पाणी, त्यात बुडबुडे सोडणारा छोटा पंप, आणि तळाशी तीन तीन शेपट्यांची इवलीशी पिल्लं. "ही मोठी नाजूक असतात आई. घाण पाण्यात टिकत नाहीत," असं तिने मला सांगितलं होतं. पण त्या वेळी मी वाती वळत होते.

रविवारी अबोली साहेबांना आणायला कोपऱ्यावर गेली आणि लाइट गेली. पंप थांबला. मी देवघरातून उठून पाहते तो पिल्लं कासावीस झालेली. अंगाच्या दोन्ही बाजूंचे पिसांसारखे कल्ले भराभरा हलत होते. एकाने तर पुढचे पाय जोडले होते, निदान मला तरी तसं दिसलं. आमचे हे आंघोळीला गेलेले आणि माझं मौन. कोणाला विचारणार?

ट्रे उचलला आणि मागच्या दाराने नाल्यावर गेले. वाहतं पाणी म्हणजे शेवटी गंगाच, असा माझा हिशोब. पायऱ्यांपाशी कडेला पाणी संथ होतं, तिथे पिल्लांना अलगद सोडलं. वर एक जास्वंद वाहिलं. ट्रे घासून उन्हात पालथा घातला. मनाला अशी शांती वाटली, की ती टिकणार नाही हे तेव्हाच कळायला हवं होतं.

थोड्याच वेळात मंडळी नाल्यावर जमली. उतरायला पायऱ्या एकाच ठिकाणी, त्यामुळे सगळे तिथेच. अबोलीने आधी नीट समजावून सांगितलं. लाल अळ्या घाण पाण्यात सुखाने राहतात, तीन शेपट्यांची पिल्लं दिसली तर पाणी चांगलं समजायचं. मग तिने नाल्यात जाळी फिरवली आणि नाल्याचंच पाणी भरलेल्या एका थाळीत उलटी केली.

हर्षितबाबू वाकले. "मॅडम, हे तीन शेपट्यांचे कोण होय?"

अबोलीने थाळी डोळ्यांजवळ नेली.

"तुम्हीच तं आता सांगितलं न. मंग नाला तं चांगला निघाला. लाइन काहून टाकायची?"

मागे कोणीतरी हसलं. अबोलीचे कान लाल झाले. मी पुढे झाले. स्वतःकडे बोट केलं, नाल्याकडे केलं, ओंजळ उपडी करून दाखवली आणि हात जोडले.

"मौन आहे त्यांचं," मयुराताई हळूच म्हणाल्या. "नाला शुद्ध झाला म्हणून पाया पडून राहिल्या."

सगळ्यांनी हात जोडले. हर्षितबाबूंनी बूट काढले.

तेवढ्यात आमचे हे ट्रे घेऊन पायऱ्या उतरले. "अबोली, तुह्या ट्रेत तं काहीच नाही वं. कोणीतरी चकाचक घासून ठेवला."

अबोलीने ट्रेकडे पाहिलं, मग थाळीत तरंगणाऱ्या जास्वंदाकडे, मग माझ्याकडे. माझं लक्ष मात्र थाळीत होतं. मघाशी हात जोडणारं पिल्लू आडवं पडत होतं. दुसऱ्याचे कल्ले थांबत आले होते. नैवेद्याला अजून बराच अवकाश होता. मी डोळे मिटून देवाची क्षमा मागितली.

"अवं पाणी बदल लवकर, मरून राहिले ते! झऱ्याचे आहेत, मीच सोडले इथं."

अबोली झऱ्याच्या पाण्याचा कॅन आणायला धावली. ती येईपर्यंत आम्ही सगळे थाळीभोवती उभे होतो, एखाद्याच्या उशाशी उभं राहावं तसे. पिल्लं एकामागून एक निपचित झाली. लाल अळ्या तेवढ्या मजेत वळवळत होत्या.

हर्षितबाबूंनी बूट घातले. "एवढ्यातच गेले?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "राहू द्या मॅडम. फरक दिसला मले. लाइन टाकावी लागते."

कॅनमधल्या पाण्यात दोन पिल्लं जगली. अबोली त्याच दिवशी त्यांना झऱ्यावर सोडून आली. मीही सोबत गेले होते, पण कॅन तिने माझ्या हातात दिला नाही.

बाकीच्यांसाठी मी दुसऱ्या दिवशी उपास धरला. संध्याकाळी देवघराबाहेर एक वाटी दिसली. तिच्यात लाल अळ्या होत्या.

"आई," अबोली आतून म्हणाली, "तुमचा नेम चुकायला नको म्हणून ठेवल्या. यांना मात्र नाल्यातच सोडा. त्यांचं माहेर तेच आहे."

मी वाटी घेऊन निघाले. या वेळी जास्वंद नेलं नाही.