आत्याबाईंनी कानात सांगितलेल्या नावाची हकीकत

श्री. पाळण्यातील धनीण सुखरूप असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन मासी केतकीबाईसाहेब प्रसूत होऊन कन्यारत्न जाहले, ते समयी नणंद वैजूबाई परमुलखातून फोनवर बोलिल्या जे, "वहिनी, त्या बाळाच्या अ‍ॅपला सगळं सांगत बसू नका हो. सख्खी आई विचारणार नाही इतकं विचारतं ते." बाईसाहेब हसोन म्हणाल्या, "वन्सं, दूध किती वेळा पाजलं तेवढंच तर लिहिते. त्यात काय लपवायचं?" मग अ‍ॅप दर प्रहरी अदबीने पुसे आणि बाईसाहेब पेंगत सांगत जात, जन्मवेळ दिली, वजन दिले, फोटो दिला, आणि फोनमधील समस्त नातलगांची यादी पाहो द्यावी म्हणोन अर्ज आला तोही मंजूर केला, आणि ‘ठरलेले नाव’ ऐसा रकाना आला तेथे शाल्मली लिहिले. हे नाव नवराबायकोवाचून कोणास ठाऊक नव्हते, कारण रिवाज ऐसा जे, बारशाचे दिवशी आत्याने बाळाचे कानी सांगावे, तोवर गुप्त राखावे. वैजूबाईंनी साडी नको, अंगठी नको, तेवढा मान माझा, ऐसे सांगोन ठेविले होते.

तों बारशाचे आदले दिवशी यादीतील एकूणएक नातलगांस अ‍ॅपचे फर्मान पोहोचले, ‘शाल्मलीच्या स्वागतास लंगोटांवर खास सवलत’, आणि ते गाडीत बसलेल्या वैजूबाईंसही पोहोचले.

नणंद दारी येतांच बाईसाहेब म्हणाल्या, "वन्सं, तुमचा मान मीच घालवला. अ‍ॅप काढून टाकलं, पण दिलेलं काही परत येत नाही."

वैजूबाई हातपाय धुवोन पाळण्यापाशी बसल्या आणि म्हणाल्या, "माझं राहू द्या. हिचा चेहरा कुठं कुठं गेला असेल, त्याची काळजी वाटते. जेवलात का तुम्ही?"

दुसरे दिवशी बायका जमल्या आणि "आत्याबाई, नाव तर आम्हांला लंगोटासकट कळलंय," ऐसी थट्टा मांडली, आणि वैजूबाई शांतपणे बोलिल्या, "आधी सगळ्यांचे फोन बाहेर ठेवून या." मग वाकोन बाळाचे कानी काही पुटपुटल्या, आणि रिवाजाप्रमाणे पाठीवर धपाटे बसले तरी हसत राहिल्या.

"काय सांगितलंत, वन्सं?"

"ते तिचं नि माझं. बोलायला लागली की तिलाच विचारा."

येणेंप्रमाणे कन्येस दोन नावे जाहली. एक अवघ्या मुलखास ठाऊक, दुसरे कोण्या दफ्तरी नाही, आईसही ठाऊक नाही, आणि त्यातच आईस समाधान. बाईसाहेबांची वाचणारांस विनंती एवढीच जे, ओळखीत कोणी नवी बाळंतीण असेल तिजकडे जावे, बाळ घटकाभर मांडीवर घेऊन तिला निजू द्यावे, आणि जागी जाहली म्हणजे हळूच पुसावे, बाई गं, कोणाला काय काय सांगून बसलीस?