आबांचं अकरावं कलम

आमचे घरमालक सुभेदार आबा टिकल्यांची पाकिटं विकत घेतात. सत्तरी ओलांडलेला, मिशांना पीळ देणारा, लष्कराच्या इंजिनिअर पलटणीतून निवृत्त झालेला हा माणूस आटपाडीच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानासमोर उभा राहून "लाल मोठी दे, पिवळी बारकी दे" म्हणतो, तेव्हा नवख्या गिऱ्हाइकांची पंचाईत होते. दुकानदारीण मात्र सरावली आहे. "आबा, आज कुठलं बंदर?" एवढंच ती विचारते.

टिकल्या जगाच्या नकाशासाठी. तो आबांच्या सोप्यात भिंतभर लावलेला आहे. गरीब देशांत परक्यांच्या पैशानं जिथं बंदर, रेल्वे किंवा धरण होतं, तिथं टिकली लागते. चीनची लाल, जपानची पिवळी, अरबांची हिरवी, आपली केशरी. आफ्रिका तर गोवर उठल्यासारखी दिसते. मी हायस्कूलला भूगोल शिकवते. सांगलीहून इथं बदलून आले तेव्हा खोली बघायला गेले होते. भाडं सांगायच्या आधी आबांनी विचारलं, "बाई, लंकेचं बंदर नव्व्याण्णव वर्सांसाठी चीनकडं गेलं, ते ठावं हाय का?" मी हो म्हणाले. खोली मिळाली.

हे वेड त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असताना लागलं. आफ्रिकेत एक नवाकोरा डांबरी रस्ता त्यांनी पाहिला. परक्या कंपनीनं बांधलेला, खाणीपासून थेट बंदरापर्यंत. "लय झ्याक रस्ता, बाई. पर एका बी गावाकडं वळला न्हाई. बाया डोक्यावर पाणी घिऊन त्याच्या कडंनं चालायच्या." तेव्हापासून कुठलंही बांधकाम दिसलं की आबांचा एकच प्रश्न असतो. "बांधलं कुणी ते ऱ्हाऊ द्या. चावी कुणाकडं?"

आमच्या गावाला एका कंपनीनं पाणी गाळायचं मशीन भेट दिलं, तेव्हा फीत कापायच्या ऐन वेळी आबांनी हाच प्रश्न विचारला. पाहुणे हसले, सरपंचांनी आबांना खाली बसवलं. सहा महिन्यांत मशीन बंद पडलं. चावी पुण्यातल्या कुठल्याशा माणसाकडं होती आणि तो फोन उचलत नव्हता. आता त्या खोलीच्या पायरीवर शेळ्या बसतात. गावात आबांचा भाव मात्र वधारला आणि आबा त्याला चांगलेच चटावले.

गेल्या माघात हा सगळा जागतिक अभ्यास त्यांच्या स्वतःच्या विहिरीत उतरला.

आबांचे धाकटे भाऊ बापू दोन किलोमीटरवर कालव्याकडच्या मळ्यात राहतात. दोघा भावांची एक सामायिक विहीर आबांच्या रानात आहे. तिच्यावरचं इंजिन आठ वर्षांपूर्वी बंद पडलं आणि पाणीही आटलं होतं. आता उपसा सिंचन योजनेचं पाणी कालव्याला आलं, तशी विहीरही भरली. बापू येऊन म्हणाले, "दादा, मी सोलर पंप बसवतो हिरीवर. तुझी डाळिंबं बी भिजतील, माझा हितला वरचा तुकडा बी भिजंल."

दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी नारळ फोडला असता. आबांची दीडशे डाळिंबाची रोपं होती, चैत्राचं ऊन तोंडावर आलं होतं आणि आबा बादलीनं पाणी घालून पाठ मोडून घेत होते. पण आबा नकाशाकडे बघत म्हणाले, "आदी करार करू."

करार लिहायचं काम माझ्याकडं आलं. कलम तीन, चाव्या दोन, दोघांकडं एकेक. कलम पाच, दुरुस्तीचा माणूस आटपाडी तालुक्यातलाच असावा. कलम आठ, पाइपलाइन प्रत्येक बांधाला वळून जावी. आबा सांगताना 'यजमान राष्ट्र' म्हणत, मी गुपचूप 'थोरला भाऊ' लिहून घेत असे. तीन आठवडे गेले. बांधाकडची रोपं माना टाकायला लागली. मला त्या रोपांची दया येई आणि आबांचा राग.

शेवटी बापू माझ्याकडं आले. "बाई, त्याला सांगा, मी काय चीन हाय का? ह्या आयतवारपातूर सही न्हाई झाली, तर पंप माझ्या बोरवर बसिवतो."

मी आबांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "ल्ह्या मग शेवटचं. कलम अकरा. पंप चालू करायला बापूनं रोज सकाळी नवाला सोता यावं. फोनवरनं चालू करू नये. गडी धाडू नये."

मी पेन खाली ठेवलं. "आबा, तुम्ही पूल बांधलेला माणूस. एक बटण तुम्हाला दाबता येत नाही?"

"येतंय की." आबा मिशीला हात न लावता बोलत होते, हे मला पहिल्यांदा दिसलं. "इंजिन चालू हुतं तवा पाण्याच्या पाळीवरनं आमची रोज भांडणं व्हायची. इंजिन बंद पडलं, भांडण बी थांबलं. ह्या पंपाआदी आठ वर्सांत बापू तीनदा आला. एकदा आमची ही गेली तवा, दोनदा पत्रिका द्यायला. वाकडं काय बी न्हाई आमच्यात. भांडाय तरी यायचा, बाई."

तीन आठवडे मी या माणसाला हेकट म्हणत होते, आणि ह्याला पंपाबरोबर भाऊ हवा होता, ते मागायला त्याच्याकडं दुसरी भाषा नव्हती. मी कलम अकरा चांगल्या अक्षरात लिहिलं.

रविवारी बापू आले. सोप्यात बसून चष्मा लावून त्यांनी दहा कलमं भरभर वाचली, मधूनमधून कपाळाला हात लावला. अकराव्यावर थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आबा नकाशाकडं तोंड करून, नसलेली धूळ पुसत उभे होते.

"रोज यायचं तर च्या लागंल," बापू म्हणाले. "कोन करनार?"

"मी."

"मग साखर नगं. मला शुगर हाय."

आबा वळले. "कवापासनं?"

"झाली की तीन वर्सं."

आबांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. सगळ्या जगाची खबर ठेवणाऱ्या त्या माणसाला दोन किलोमीटरवरची ही गोष्ट ठाऊक नव्हती. ते हळूच भावाशेजारी येऊन बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, कलम अकरात घाला. च्या बिनसाखरंचा. दोगांचा बी."