संगमरवरी मेजाच्या राज्यारोहणाची हकीकत

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. “मंदा, माझ्यामागं ह्यांना एकट्यानं जेवू देऊ नकोस हो. पंगतीत घे,” ऐसे थोरल्या मातुश्रींनी सुनेचा हात धरून सांगितले, आणि सुनेने “घेईन” म्हणून वचन दिधले, आणि मातुश्री निश्चिंत मने वैकुंठास गेल्या. सून म्हणजे राज्याच्या विद्यमान राणीसाहेब मंदाकिनीबाई. आवाज असा मऊ की कुकरच्या शिटीपुढे माघार घ्यावी, आणि नेमधर्म असे कडक की पंचांगाने त्यांस विचारून पान उलटावे. तुळशीस पाणी, गाईस घास, कावळ्यास घास, आणि मामंजींचे पान वाढल्याखेरीज स्वतः अन्नास शिवणे नाही, हा नित्याचा नेम. मामंजी म्हणजे थोरले महाराज. त्यांच्या गुडघ्यांनी बंड केलेले. पाटावर बसवेना, बसल्यास उठवेना. सबब सारे राज्य स्वयंपाकघरात खाली पंगत मांडून बसे, आणि थोरले महाराज गॅलरीत खुर्चीवर, पुढे स्टूल, स्टुलावर ताट, आणि सोबतीस शेजारच्या इमारतीची भिंत. मातुश्री होत्या तोवर समोर आपलेही स्टूल मांडून जेवत. आता ते स्टूल रिते. हे पाहून राणीसाहेबांस दिधले वचन आठवे. मग वर्षश्राद्ध पार पडताच मसलत बसली आणि ठरले की, गुडघे खाली येत नाहीत तर पंगतीनेच वर जावे. भोजनास मेज आणावे.

महाराज विद्याधरपंत, म्हणजे राणीसाहेबांचे यजमान, बोलिले की, “साधंसं लाकडी आणू या.” परंतु राजकन्या ऋजुता यांनी मोबाइल पुढे करून अर्ज केला की, “आई, हे संगमरवरी बघ ना. कसं देवळासारखं वाटतं!” देवळाचे नाव निघताच राणीसाहेब विरघळल्या, आणि लाकूड पराभव पावले.

मग शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सर, वैशाख शुद्ध तृतीया, ते दिवशी चौघा हमालांच्या खांद्यावरून मेज राज्यात दाखल जाहले. पांढरेशुभ्र, अंगी करड्या शिरा, आणि झिलई ऐशी की वाकून पाहावे तो आपलेच मुख दिसावे. राणीसाहेबांनी हळदकुंकू वाहिले, आणि मनात आले की हा पाषाण तो देवाचाच पाषाण, यास कोरडेच गादीवर कैसे बसवावे? मग पंचामृत सिद्ध केले. महाराज म्हणाले, “अगं, टेबल आहे ते, गणपती नव्हे!” राणीसाहेब हळूच म्हणाल्या, “जात एकच ना पण?” आणि दूध, दही, तूप, मध, साखर यांही करून मेजास मधोमध स्नान घातले. मग तुपाचा ओशटपणा राहिला, म्हणून पूजेची तांब्याची भांडी ज्या हाताने लख्ख करीत त्याच हाताने अर्धे लिंबू घेऊन खसाखसा घासले. पुसून पाहतात तो मधोमध ताटाएवढा गोल भाग निस्तेज पडलेला, पाटीवरचे अक्षर थुंकीने पुसावे तैसा.

दुकानदारास फोन केला. तो म्हणे, “बाई, संगमरवराला आंबट चालत नाही हो.” राणीसाहेबांनी हात जोडिले. संतोषीमातेचा शुक्रवार त्यांनीही केला होता, परंतु तो आठवड्यातून एकदाच. येथे मेजाने बारमास शुक्रवार धरिला. ऐसे कडकडीत व्रत त्यांसही साधले नव्हते. सबब मेजाविषयी भक्ती वाढली आणि डागाविषयी भय वाढले.

पुढे डाग झाकण्याची मोहीम निघाली. प्रथम जुन्या पैठणीचा काठ उसवून मधोमध पट्टा अंथरिला. पट्टा एकटा भासला, म्हणून त्यावर फुलदाणी आली. फुलदाणीस भिंतीचा पिवळा रंग साहेना, म्हणून भिंत मोतिया केली. मोतिया भिंतीवर दिनदर्शिका गावंढळ दिसू लागली, म्हणून तीस स्वयंपाकघराच्या दारामागे हद्दपार केले, आणि त्याचे फळ ऐसे की संकष्टीच्या दिवशी राणीसाहेबांच्या मुखी चहाबरोबर आख्खा टोस्ट गेला. मग वरून दिवा लोंबता सोडिला, त्याने महाराजांच्या कपाळी टेंगूळ आणिले. मखमली खुर्च्या आल्या, खाली गालिचा आला. आल्यागेल्याने “वा! मासिकातलं घर वाटतं,” म्हणावे आणि राणीसाहेबांनी मान खाली घालून “देवाची कृपा” म्हणावे, परंतु डोळा पट्ट्यावर. आणि फर्मान सुटले की, मेजावर लिंबू येऊ नये, दही येऊ नये, चिंचेची आमटी, कोकमाचे सार, टोमॅटो, लोणचे, कोणी येऊ नये. मग राहिले काय? दूधभात. तो कोण खातो? सबब राज्य पुनश्च स्वयंपाकघरात खाली जेवू लागले, आणि थोरले महाराज गॅलरीत स्टुलापुढे. राणीसाहेबांचा नेम मात्र एक दिवस चुकला नाही. मामंजींचे पान आधी, मग आपले.

ऐसे चालले असता श्रावणातल्या सोमवारी वन्संसाहेब कमलजाबाई उपास सोडावयास माहेरी आल्या. दिवस मावळावयाचा होता. त्यांनी भोजनमहाल पाहिला, खाली मांडलेले पाट पाहिले आणि कमरेवर हात ठेविले. “वहिनी, हे टेबल जेवायला आणलंत की दर्शनाला? चपला काढून आत येऊ ना?” राणीसाहेब हसल्या, कान तापले. “आणि बाबा कुठायत?” ऐसे म्हणून वन्सं गॅलरीत गेल्या. राणीसाहेब वालाच्या बिरड्याचे पातेले घेऊन दाराआड थबकल्या, आणि आतले बोलणे कानी आले.

“बाबा, एवढं टेबल आहे आणि तुम्ही इथं भिंतीशी काय बोलत बसलाय? चला.”

“नको गं. मी बरा आहे इथं.”

“रागावलात कुणावर?”

“छे! माझा हात कापतो हल्ली. परवा नुसता गेलो बघायला, तर हातातल्या पेल्यातलं ताक टेबलावर सांडलं. मंदा बोलली नाही हो काही. ती कशाला बोलेल? पण फडकं घेऊन किती वेळ पुसत होती बिचारी. तिच्या देवळात माझा विटाळ कशाला?”

हे ऐकून राणीसाहेबांच्या हातचे पातेले जड जाहले. मुखाने एक शब्द कठोर न बोलता फडक्याने जे बोलल्या, ते म्हाताऱ्या माणसाने सगळे ऐकिले होते. मग त्या पातेले खाली ठेवून भोजनमहालात गेल्या. फुलदाणी उचलली आणि मागे आलेल्या वन्संच्या हाती दिली. पैठणीचा पट्टा ओढून काढिला.

“अगंबाई! हा डाग कसला?” वन्सं ओरडल्या.

“अभिषेकाचा,” राणीसाहेब म्हणाल्या. “लिंबानं घासलं मी.”

वन्सं ऐशा हसल्या की फुलदाणी पोटाशी धरून खुर्चीत बसल्या. “आणि दोष ताकाला होय, वहिनी?”

“नाही हो वन्सं. दोष माझाच.” मग खालचे पाट उचलून भिंतीशी लाविले, पाने मेजावर मांडिली. पहिले ताट नेमके डागावर ठेविले, तो डाग समूळ झाकला गेला. पट्टा नको, फुलदाणी नको, मोतिया भिंत नको. एका ताटाचे काम होते. राणीसाहेब त्या ताटाकडे पाहत राहिल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, “धन्य गं बाई तुझी.” मग ताटात मिठाशेजारी लिंबाची चांगली मोठी फोड ठेविली, आणि उजव्या हाताशी ताकाचा पेला काठोकाठ भरिला.

ऐशी ही हकीकत. सदरहू राज्यात नेम सारे पाळले गेले, वचन तेवढे गॅलरीत बसून राहिले. मेज बिचारे निर्दोष, त्याने ना अभिषेक मागितला ना पैठणी. लिहिणाराने उणे असेल ते आपल्या पदरी घ्यावे, वाचणाराने हसून पोटात घालावे. दिवस मावळतीस आला, भात वाफेवर होता, आणि राणीसाहेब ओले हात पदरास पुसून, पाऊल न वाजविता, गॅलरीकडे चालत्या जाहल्या.