डिस्क ब्रेक आणि खोबरेल

माझ्या गाडीला माझ्याशिवाय कोणाचाही हात लागलेला नाही, असं मी गेली तीन वर्षं ऑकलंडमधल्या प्रत्येक मराठी माणसाला सांगत आलो आहे. समोरच्याला ऐकायचंय की नाही, हे मी कधी विचारलं नाही. गाडी म्हणजे १९६८ सालची अमेरिकन मसल कार! लाल रंग, डावीकडे स्टिअरिंग आणि पुढे एवढं लांब नाक, की सिग्नलला आधी ते पोचतं आणि नंतर मी. दिवसभर मी ऑफिसात कंप्युटरसमोर बसतो आणि संध्याकाळी टाकानिनी उपनगरातल्या आमच्या घरी गराजमध्ये गाडीखाली आडवा होतो.

या गाडीत दोनच उणिवा होत्या. एक, ती लवकर थांबायची नाही. दोन, थांबल्यावरही बराच वेळ डुलत राहायची. जुने ड्रम ब्रेक आणि दमलेल्या स्प्रिंगा, दुसरं काय होणार?

सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या, तेव्हा मी हौसेने त्यांना या गाडीतून सँडरिंगहॅमला किराणा आणायला नेलं. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून त्या उजवीकडे. समोर स्टिअरिंग नाही, पायाशी ब्रेक नाही आणि गाडी मात्र चाललेली! प्रत्येक गतिरोधकावर आम्ही तीन-तीनदा वरखाली झालो. येताना त्या मांडीवरची खोबरेलाची बाटली दोन्ही हातांनी धरून देवाचं नाव घेत होत्या. घरी उतरल्यावर म्हणाल्या, "देवव्रतराव, मी पुण्याला चालत जाईन, पण या रणगाड्यात पुन्हा बसणार नाही."

माझ्या बायकोने, अस्मिताने, संधी साधली. "आई परत जायच्या आत आपणहून या गाडीत बसली, तर गाडी राहील. नाहीतर विकायची. मला माझं गराज परत हवंय."

"बसतील. हसत बसतील," मी म्हणालो.

आणि कामाला लागलो. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, सगळीकडे नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉक ॲब्सॉर्बर. सगळं एकट्याने! आता इथे गाडीत असे फेरफार केले की सर्टिफायरकडून पास करून घ्यावे लागतात. आमची सर्टिफायर डेब. साठीची बाई, थंडीतही हाफ पँट, आणि नट सैल आहे की घट्ट हे नुसतं बघून सांगणारी. गुरुवारी ती घरी आली, चाकं काढून ठेवलेली गाडी टॉर्च मारून बघितली आणि म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास. "चाकं चढवून ठेव. शनिवारी रस्त्यावर ब्रेक बघू." सासूबाईंचं विमान मंगळवारी होतं.

शुक्रवारी ऑफिसातून आलो, तर बॉनेटवर हळदकुंकू आणि पान्यांच्या पेटीवर अक्षता!

"खंडेनवमी ना आज," सासूबाई म्हणाल्या. "हत्यारांची पूजा करतात. तुमची हत्यारं हीच, म्हणून केली."

मला खरंच भरून आलं. चाकं चढवताना डिस्क आरशासारख्या चमकत होत्या. आपलं कामच तसं, असं म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

शनिवारी दसरा. आमच्या घरामागे नव्या वसाहतीचा रस्ता तयार होता, पण घरं अजून उभी नव्हती. नुसते सुतळीने आखलेले प्लॉट. डेब माझ्या उजवीकडे बसली. अस्मिता आणि सासूबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. गाडी जराही डुलली नाही. डेबने खुशीत मान हलवली.

"हं, आता दाब जोरात," ती म्हणाली.

मी दाबला. पुढची चाकं थांबेनात. मागचे म्हातारे ड्रम मात्र इमानाने जॅम झाले. गाडीची शेपटी पुढे यायला लागली आणि आम्ही आडवेच सुतळी तोडून कोणाच्या तरी प्लॉटमधल्या मातीच्या ढिगात जाऊन रुतलो. दसऱ्याचं सीमोल्लंघन गाडीने परस्पर उरकलं!

कोणाला खरचटलंही नाही. पण पुढच्या चाकांमधून धूर येत होता आणि त्या धुराला खोबऱ्याच्या वड्या करपल्याचा वास होता.

डेब उतरली, वाकली, वास घेतला. "कोकोनट?"

तोवर सासूबाई धावत पोचल्या होत्या. त्यांना ओळखीचा शब्द सापडला. "येस, येस! कोकोनट! प्युअर!"

"आई, काय केलंस तू?" अस्मिताने विचारलं.

"अगं, त्या गोल तव्यांवर गंज धरायला लागला होता. पूजा करताना पुसून तेल लावलं. लोखंड कोरडं ठेवतात का कधी? माझ्या विळीला चाळीस वर्षांत डाग नाही."

डेब हसली नाही. तिने दोन तळहात एकमेकांवर दाबून दाखवले. कोरडे असले की धरतात. मग आपल्या थर्मासमधला गार चहा ओतून तेच हात ओले केले आणि घासले. सटकतात. सासूबाईंना लगेच कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे तुमच्या जिवावर बेतलं असतं," एवढंच म्हणून त्या घराकडे चालायला लागल्या.

रविवारभर त्या कशालाच हात लावीनात. "नको, माझा हात लागायला नको." गाडीत बसायचा विषयच संपला. गाडी जाणार याचं मला दुःख होतंच, पण खरं सांगतो, त्यांचा तो चेहरा जास्त सलत होता. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी गाडीला घरातलं मानलं होतं, आणि झालं हे असं.

मी डिस्क धुऊन काढल्या, नवे ब्रेक पॅड बसवले. मग सोमवारी सकाळी खोबरेलाची बाटली घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. "आई, दारांच्या बिजागऱ्या कुरकुरतात. तिथे तेल लागतं. मला काही नीट जमत नाही."

"नक्की तिथेच ना?"

"तिथेच."

त्यांनी बाटली बाजूला सारली. "खोबरेल थंडीत गोठतं. शिवणयंत्राचं तेल आणा."

आणलं. त्यांनी तासभर बसून दारं, बॉनेट, डिकी, सगळ्यांच्या बिजागऱ्यांना थेंब थेंब तेल सोडलं. संध्याकाळी डेब आली. मी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. "गुड," डेब म्हणाली. मग उतरून तिने दार दोनदा उघडलं आणि मिटलं. अजिबात आवाज नाही. "ब्यूटिफुल!" ती सासूबाईंना म्हणाली. माझ्या सगळ्या कष्टांना एक "गुड", आणि बिजागरीला "ब्यूटिफुल"!

मंगळवारी मी बॅगा उचलेपर्यंत सासूबाई न बोलावता गाडीत जाऊन बसल्याही होत्या. विमानतळाच्या वाटेवर त्यांनी पुण्याला बहिणीला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, जावईबापूंची गाडी तपासणीत नापास झाली होती. मग मी हात लावला, तेव्हा कुठे पास झाली. हो ना हो, देवव्रतराव?"

मागच्या सीटवरून अस्मिता माझ्याकडे बघत होती.

"हो आई," मी म्हणालो. "माझ्या एकट्याच्या हाताने झालंच नसतं."