बाईंच्या पुस्तकातलं गलबत

बाईंनी पुस्तक उलटं धरून झटकलं, तर त्यातून काहीच पडलं नाही. पुन्हा झटकलं. पानं फडफडली, ताज्या खळीचा वास सुटला, पण रंगीत पट्टी म्हणाल तर एकही नाही.

"बाई, किती झटकाल? पुस्तक आहे ते, सतरंजी नाही," वकीलसाहेब म्हणाले.

वाचणाऱ्यांची ही मंडळी दर महिन्याला बाईंच्या नवऱ्याच्या बाइंडिंगच्या कारखान्यात जमायची. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, मधे कापायचं यंत्र, चहूकडे पुठ्ठे. ज्याने त्याने आपलं सगळ्यात लाडकं पुस्तक आणायचं आणि इतरांना वाचायला द्यायचं. लेखकाच्या नावाला भुलून कुणी माना डोलवू नयेत म्हणून वरून खाकी कागद चढवायचा आणि नावाचं पान चिकटवून टाकायचं. वाचणाऱ्याला कंटाळा आला, तर जिथे सोडलं तिथे त्याने आपल्या रंगाची पट्टी घालायची. ज्या पुस्तकात एकही पट्टी निघाली नाही, ते खिडकीवरच्या फळीवर मानाने बसायचं.

फळीवर आजवर बसली होती ती सगळी वकीलसाहेबांची पुस्तकं. बाई आयुष्यभर शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या, पण त्यांचं पुस्तक परत यायचं ते मोरासारखा पिसारा फुलवून. "बाईंची पुस्तकं चांगली असतात," असं सगळे म्हणायचे. कडू काढ्याला चांगला म्हणतात, तशा सुरात. म्हणून या खेपेला बाईंनी काळजाचा तुकडा बाहेर काढला होता. तरुणपणापासूनचं, वाचून वाचून फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, सुटे झालेलं पुस्तक. नवऱ्याने ते नव्याने शिवून दिलं होतं.

आणि आज पट्टी नव्हती. बाईंचा ऊर भरून आला. मान आपोआप ताठ झाली.

"मी तर दवाखान्यात पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून वाचलं," दातांची डॉक्टर म्हणाली. "काय हो ते बाई. धाकटी जाऊ मधल्या दाराच्या कडीला हात लावते. इतक्या वर्षांचा अबोला. आता काय होणार म्हणून पान उलटलं, तर एकदम समुद्र."

"समुद्र," बाई म्हणाल्या.

"आणि ते गलबत," डॉक्टरच्या सासूबाईंनी डोळे मिटले. "मी म्हटलं सूनबाईला, बघ, दार उघडलं की काय काय बाहेर येतं माणसाच्या मनातून."

बाईंना पुस्तक जवळजवळ पाठ होतं. त्यात दोन जावा होत्या, एक घर होतं, मधे भिंत आणि भिंतीत दार होतं. पाणी म्हणाल तर आडातलं. गलबत सोडाच, होडीसुद्धा नव्हती.

"कप्तानाबद्दल बोला ना काहीतरी," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला तर त्याचं मन ठाऊक असणार."

"कप्तान," बाईंनी घसा साफ केला, "तसा माणूस चांगला."

कोपऱ्यात बाइंडर, म्हणजे बाईंचे यजमान, खळ लावत बसले होते. पुठ्ठ्याला लावायची खळ ते बराच वेळ स्वतःच्या बाहीला लावत होते.

आता पाळी वकीलसाहेबांच्या पुस्तकाची. तेही याच कारखान्यातून नवं होऊन गेलेलं. त्यातही पट्टी नव्हती. ते वाचलं होतं घड्याळवाल्यांनी. घड्याळवाले मोजकं बोलायचे, पण आज त्यांचा आवाज कापत होता.

"वकीलसाहेब, तुम्हाला मानलं. वादळ उठलंय, डोलकाठी मोडलीय, गलबत बुडतंय, माणसं पाण्यात गटांगळ्या खातायत. पान उलटलं. तर एक बाई दारात उभी राहून विचारते, 'पाणी देऊ?' अंगावर काटा आला माझ्या."

वकीलसाहेबांनी कोटाची बटणं एकेक करून तपासली. "हां, ती बाई," ते शेवटी म्हणाले. "तिच्याविषयी मतं वेगवेगळी असू शकतात."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने बाहीकडे पाहिलं. बाईंना सगळं लख्ख दिसलं. दोन्ही पुस्तकं एका मापाची, एकाच आठवड्यात सुटी होऊन आलेली. याचा उत्तरार्ध त्याला, त्याचा याला.

"मग काय, दोन्ही फळीवर," डॉक्टर म्हणाली आणि बाईंचं पुस्तक उचलून तिने हात वर केला.

एवढ्या वर्षांची आस हातभर अंतरावर आली होती. गप्प बसलं की झालं. वकीलसाहेब तर डोळ्यांनी विनवत होते, बाई, बसा गप्प. पण ज्या दोन जावांना बाईंनी तरुणपणापासून जिवापाड जपलं, त्यांना समुद्रात लोटून फळीवर चढायचं?

"खाली ठेवा ते," बाई उठल्या. "ते गलबत माझं नाही. माझं पुस्तक तुम्ही अर्धंच वाचलंत. आणि अर्धं घड्याळवाल्यांनी. आमच्याकडे शिवताना घोटाळा झालाय."

वकीलसाहेबांनी सुस्कारा सोडला. "माझा कप्तान शेवटी जिवंत राहतो," ते हळूच म्हणाले. "मघापासून सांगायचं होतं."

"अहो, मग माझ्या जावांचं काय झालं?" सासूबाई कासावीस झाल्या. "घड्याळवाले, शेवट तुमच्याकडे आहे ना? सांगा तरी."

"धाकटी दारात तांब्या घेऊन जाते. पाणी देऊ, विचारते. मोठी तांब्या घेते, पण पीत नाही. नुसती हातात धरून बसते. संपलं."

"पीत नाही? माजोरडीच म्हणायची."

"माजोरडी नाही ती," कोपऱ्यातून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. बाइंडर खळीच्या भांड्याकडे बघत बोलत होते. "सुरुवातीला नाही का, आड आटतो तेव्हा. घरातल्या सगळ्यांचं पिऊन झाल्यावरच मोठी तोंडाला पाणी लावायची. तशी ती थांबलीय. धाकटीने आधी प्यावं म्हणून. घरातली मानलं तिने पुन्हा."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. घड्याळवाल्यांनी चष्मा काढला. बाई मात्र जागच्या जागी उभ्या.

हा माणूस जन्मभर पुस्तकं शिवत आला होता, पण वाचलं एकही नव्हतं. "हलवाई कुठे मिठाई खातो?" म्हणायचा. बाईंनी लग्नापासून किती पुस्तकं सुचवली, उशाशी ठेवली, जेवताना समोर धरली. वाऱ्यावर गेली सगळी.

"तुम्ही वाचलंत?" बाईंचा आवाज बारीक झाला. "पहिल्यापासून शेवटपर्यंत?"

"अगं, फर्मे लावताना एक ओळ दिसली. मग पुढची बघितली. दाराच्या कडीशी आलो आणि काम सुचेना. म्हणून पुढचं अर्धं घरी नेलं, तुझ्या नकळत. वकीलसाहेबांचं अर्धं टेबलावर तसंच राहिलं. सकाळी मन त्या जावांपाशी, हात शिवणीपाशी. जे समोर आलं ते शिवलं."

"म्हणजे माझं पुस्तक चुकलं," वकीलसाहेब म्हणाले, "ते बाईंचं पुस्तक सुटेना म्हणून."

"तसंच म्हणा."

बाईंचे गाल शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरीसारखे लाल झाले. फळी आता कुणाला हवी होती?

बाइंडरांनी बाही पिळली, मग जरा अवघडून विचारलं, "अगं, असलंच अजून एखादं आहे का तुझ्याकडे?"

वकीलसाहेब लगेच खुर्ची सरकवून पुढे झाले. "तुम्ही असं करा, माझं समुद्राचंच घ्या. आधी नीट शिवा, मग सावकाश..."

"वकीलसाहेब," बाई मधे उभ्या राहिल्या, "बाकीची सगळी मंडळी तुमची. या वाचकाला हात लावायचा नाही."