डबीवरचे खंडोजी

"या वर्षी कायद्याचा बाप आला तरी मला धरू शकणार नाही!" असं विठोजींनी चिकपेटेच्या सगळ्या बाजारात सांगून ठेवलं होतं. बरं, सांगून गप्प बसावं की नाही? छे! त्यांनी खंडेनवमीच्या पूजेला चक्क तंबाखूच्या पाकिटांची तपासणी करणाऱ्या साहेबांनाच आमंत्रण दिलं.

त्याचं असं झालं. विठोजींच्या दुकानातली तपकीर घरची, आणि डबीवर त्यांच्या वडिलांचा फोटो. खंडोजी! डोक्याला फेटा, झुपकेदार मिशा. मागच्या दसऱ्याला याच गुरुप्रसादसाहेबांनी दम भरला होता, "डबीवर धोक्याचं चित्र हवं, तेही पंच्याऐंशी टक्के जागेवर! पुन्हा असं दिसलं तर खटला भरीन. तुरुंगात जाल!" विठोजींची झोपच उडाली. छातीवर दगड ठेवून त्यांनी वडिलांना डबीवरून उतरवलं आणि नियमाप्रमाणे नवी लेबलं लावून घेतली. त्यावरचा रोगी इतका भयाण, की त्यांच्या बायकोला, मालनबाईंना, दोन दिवस जेवण गेलं नाही.

खंडेनवमीला सकाळी विठोजी कोहळा आणायला गेले. इकडे मालनबाईंनी पूजा मांडली. दुकानातला माल देवीपुढे ठेवायचा, हा घरचा रिवाज. त्यांनी डब्या रचल्या आणि कपाळावर हात मारला. सणासुदीला देवीपुढे हा मेला रोगी? माळ्यावर खंडोजींची जुनी लेबलं पडून होती. मैद्याची खळ शिजवायला कितीसा वेळ लागतो! बाईंनी एकूण एक डबीवर सासरे चिकटवले, वर हळदकुंकू वाहिलं आणि समाधानानं आत प्रसाद करायला गेल्या.

विठोजी कोहळा काखोटीला मारून परतले, तो साहेब दारात!

"या साहेब, या! स्वल्प चुरमुरे घ्या." विठोजींनी एक डबी उचलून साहेबांच्या नाकासमोर धरली. स्वतः मात्र शाबासकीच्या आशेनं साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले. "बघा! चित्र कसं ठळक आहे!"

साहेब बेळगावकडचे, त्यामुळे मराठी छान बोलायचे. "हा कोण?"

"रोगी, साहेब! तंबाखूनं पार सडलेला!"

"सडलेला? आणि फेटा बांधून?"

"शेवटची इच्छा असेल!"

आतून मालनबाई कडाडत आल्या. "जीभ झडेल तुमची! मामंजींना सडलेला म्हणता?" त्या साहेबांकडे वळल्या. "अण्णा, तुम्हीच सांगा, हे रोगी दिसतात? नव्वदी ओलांडली तरी रोज तपकीर ओढायचे, एकही दात पडला नव्हता!"

विठोजींनी डबी आपल्याकडे वळवली. वडील त्यांच्याकडेच बघत होते! काखोटीतला कोहळा निसटला आणि साहेबांच्या बुटावर फुटला.

"इशारा झाकला, वर जाहिरातही केलीत," साहेब बूट झटकत म्हणाले.

"साहेब, मी साधा विकणारा हो!" विठोजी रडकुंडीला आले. विकणाऱ्याला शिक्षा कमी असते, हे त्यांनी वकिलाला विचारून ठेवलं होतं. "पहिल्या गुन्ह्याला वर्षभरच ना?"

"विकणारे?" मालनबाईंचा अभिमान दुखावला. "अण्णा, बनवतोसुद्धा आम्हीच! भाजणं, कुटणं, डब्या भरणं, सगळं आमच्या घरात!"

"सरी, ठीक. म्हणजे उत्पादक. दोन वर्षांपर्यंत."

"अगं, गप्प बस!" विठोजी ओरडले. "आणखी चार वाक्यं बोललीस तर मला फाशी होईल!"

आता कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. "एवढंच ना? काढते की!" म्हणत त्यांनी पदर खोचला आणि एका डबीवरचे सासरे ओढून काढले. खळ घरची, पक्की. सासऱ्यांबरोबर खालचा रोगीही निघून आला. डबी कोरी करकरीत!

"आता तर काहीच नाही!" साहेब म्हणाले आणि त्यांनी सगळा माल जप्त केला.

विठोजी मटकन गल्ल्यावर बसले. दुकान जाणार, अब्रू जाणार, म्हातारपणी खडी फोडावी लागणार! जन्मभर प्रत्येक संकटात त्यांना तपकिरीच्या एका चिमटीचा आधार होता. त्यांनी गल्ल्याजवळच्या आपल्या रोजच्या डबीकडे हळूच हात नेला. बाईंनी तीही सोडली नव्हती. तिच्यावरही खंडोजी!

साहेबांनी हात पुढे केला. "तीही द्या. पुरावा आहे."

विठोजींनी वडिलांकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि डबी देऊन टाकली.

"साहेब," ते क्षीण आवाजात म्हणाले, "तुरुंगात तपकीर मिळते का हो? धोक्याच्या चित्राची असली तरी चालेल."