अंगद विमान शोध मंडळाची पाटी

चुंबक घरी आणायचं मी ठरवलं, तेव्हा कुणाचं वाईट करायचा माझा विचार नव्हता. (माझं आजवरचं सगळं नुकसान चांगल्या विचारानंच झालेलं आहे.) मी जालन्यात भंगाराच्या गोदामात कामाला आहे. तिथं क्रेनला लोंबकळणारं चुंबक डोळ्यांदेखत अख्खी मोटार उचलतं. रोज ते बघून माझी पक्की समजूत झाली होती की जगात जे जे धातूचं आहे, ते ते चुंबकाला चिकटतं. शाळेत वेगळं शिकवत असतील. पण सातवीत शाळेनं मला सोडलं, आणि मीही तिच्या मागं लागलो नाही. तर मालकाला विचारून मी एका मोडक्या मशिनीतलं पाट्याएवढं चुंबक घेतलं, मोटारसायकलला बांधलं आणि केदारखेड्याला आणलं. विमान शोधायला.

विमानाचं असं आहे. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावची गोजरबाई लहान पोर होती. दुष्काळी कामावर खडी फोडताना तिनं एक छोटं विमान धूर सोडत टेकडीमागं उतरताना पाहिलं. मुकादम म्हणाला, पोटात काही नसलं की असंच दिसतं. लोक हसले, ते आजपर्यंत हसत आहेत. एकटा माझा थोरला भाऊ अंगद हसला नाही. तो मेंढरं राखायचा आणि मेंढरं बसली की विमान शोधायचा.

"गोरख, त्या विमानात कोणीतरी असंलच ना," तो म्हणायचा. "त्याचा बी एखादा भाऊ असंल. वाट बघून राह्यला असंल."

गेल्या पोळ्यानंतर अंगदला ताप आला. ताप गेला, पण जाताना त्याला घेऊन गेला. आता त्याचं वर्षश्राद्ध दोन-तीन महिन्यांवर आलं होतं. सगळा गाव जेवायला येणार होता, आणि गावात त्याला 'विमान्या' म्हणत. पंगतीत कुणाच्या तोंडून तो शब्द निघाला तर माझ्या हातून काय घडेल याचा मला भरवसा नव्हता. त्यामुळं त्याआधी विमान सापडायलाच पाहिजे होतं.

म्हणून शोध मंडळ काढलं. मंडळात दोघंच, मी आणि संपत पेंटर. चुंबक गाडीमागं दोरीनं ओढत मी टेकडीमागची रानं पालथी घातली. खिळे मिळाले, बैलांच्या खुरांना ठोकायच्या पत्र्या मिळाल्या, स्टोव्ह मिळाला. एक पहार मिळाली, तिच्यावरून दोन भावकींत भांडण लागलं. विमान मिळालं नाही. लोकही भंगार आणून दाखवू लागले. मी ते चुंबकाला लावायचो. चिकटलं तर तपास पुढं, नाही तर रामराम.

एक दिवस गोजरबाई डोक्यावर मोठा पत्रा घेऊन आली. म्हणाली, "नदीला पूर आल्ता, त्यात वाहून आला. ह्याला बघ, रांगेनं बटणं हायेत."

मी लावून पाहिला. चिकटला नाही.

"मावशी, हे विमानाचं न्हाई. विमान लोखंडाचं राहतं." मी अगदी डॉक्टरसारखं सांगितलं. बिचारी पत्रा तिथंच ठेवून घरी गेली. पत्रा मात्र हलका आणि मोठा झकास होता. संपतनं त्यावरच्या वाळलेल्या गाळावरूनच निळा हात मारला आणि वर तांबड्या अक्षरांत लिहिलं, 'अंगद विमान शोध मंडळ, केदारखेडा'. दारापेक्षा लांब होत होता म्हणून एका बाजूनं कापला, आणि दारावर ठोकला.

मग श्राद्धाच्या आदल्या आठवड्यात मी चुंबक स्वयंपाकघरात ठेवलं. कुठं? तर ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीला टेकवून. ते कोठीला असं बसलं की झाकण उघडेना. इंद्रायणीवैनीला श्राद्धाचं दळण काढायचं होतं. अंगद गेल्यापासून वैनी कामापुरतंच बोलते. ती एवढंच म्हणाली, "भावजी, हे काढा."

मी भिंतीला पाय लावून ओढलं. चुंबक सुटलं, पण कोठीला घेऊन सुटलं. ज्वारी घरभर झाली, मांडणी माझ्या अंगावर आली, आणि तवा, विळी, सांडशी, झारा सगळे पंगतीला जागा धरल्यासारखे चुंबकाकडं धावले. विळी माझ्या कानाजवळून गेली. मी ज्वारीत बसून शिव्यांची वाट बघत होतो.

शिव्या आल्या नाहीत. वैनी चुंबकाकडं बघत होती. त्याच्या अगदी शेजारी जर्मनचं पातेलं पालथं पडलं होतं, निवांत. तिनं ते उचलून चुंबकाला लावलं. पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

"भावजी, विमान कशाचं राहतं?"

"लोखंडाचं."

वैनीनं मोबाइलला विचारलं. मोबाइलमधली बाई म्हणाली, छोटी विमानं बहुतेक ॲल्युमिनियमची असतात. म्हणजे आमच्याकडचं जर्मन. मोबाइलमधल्या बाईशी वाद घालता येत नाही.

वैनीनं आणि मी एकदमच दाराकडं बघितलं.

पाटी उतरवली. मागं बटणांची, म्हणजे रिव्हेटांची, रांग होतीच. संपत धावत आला, वैनीनं गोजरबाईलाही बोलावणं धाडलं. घासलेट आणि तारेची घासणी घेऊन वैनी स्वतः बसली. आधी 'केदारखेडा' गेलं, मग 'मंडळ' गेलं, आणि निळ्या रंगाखालून जुनी काळी अक्षरं वर आली. व्ही, टी, आणि एक आडवी रेघ. मोबाइलमधल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, भारतातल्या विमानांचा नंबर असाच सुरू होतो.

गोजरबाईनं त्या अक्षरांवरून हात फिरवला. तिला वाचता येत नाही.

"मला भूक लागल्ती म्हणून दिसलं म्हणे," ती म्हणाली.

वैनीनं 'अंगद' एवढा शब्द रंगात तसाच ठेवला. म्हणाली, पंगतीच्या दिवशी हे दारावरच राहील, ज्याला हसायचं त्यानं खाली उभं राहून हसावं. मग तिनं रेघेवर बोट ठेवलं.

"ह्याच्या पुढची अक्षरं कुठंयत? त्याच्यावरून कोणतं विमान, आत कोण बसलं होतं, सगळं कळंल."

संपतनं माझ्याकडं बघितलं. "कापलेला तुकडा तूच नेला ना?"

नेला होता. मोटारसायकलला मागचं मडगार्ड नव्हतं, त्याचं केलं होतं. म्हणजे एवढे दिवस मी विमानावर बसूनच विमान शोधत होतो. सगळे अंगणात गाडीकडं धावले.

मडगार्ड नव्हतं. आणि मग मला आठवलं. मागच्या महिन्यात भोकरदनच्या रस्त्यावर एक मोठा खड्डा लागला, तेव्हापासून गाडीचा खडखडाट बंद झाला होता. गाडी सुधारली म्हणून मी मारुतीला नारळ फोडला होता.

हे ऐकून वैनीनं पदर तोंडाला लावला. रडली असं समजून मी मान खाली घातली. वर बघितलं तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"हुडकून आणतो," मी म्हणालो. "रस्ता बिलकुल ध्यानात हाये. त्या विमानातल्या माणसाच्या भावाला सांगायचंय." सवयीनं चुंबक आणून गाडीला बांधलं, किक मारली आणि सुसाट निघालो.

फाटकापाशी वैनीनं हाक मारली. मला वाटलं, सांभाळून जा म्हणेल.

"भावजी," ती म्हणाली, "चुंबक उतरवून जा."